गिरणीमागची भिंत

कातोवित्सेत शुक्रवारी रात्री
माझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं
आणि वाद पूर्ण वर चढतो.

टेबलावर पोट उघडून पडलेले तीन कंट्रोलर,
बटणांखाली वर्षानुवर्षांचा चिप्सचा चुरा,
आणि विषय तोच:
कुठल्या गेमला लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय.

विटोल्ड म्हणतो, 'राखेचं राज्य'.
नाव मोठं, लक्षण खोटं.
दीडशे तास घोडा पळवला मी
आणि शेवटी काय, तर राजा माझाच भाऊ!
अरे, हे घोड्यालासुद्धा पहिल्या तासात कळलं होतं.
आणि म्हणे दहापैकी दहा.
दहापैकी दहा माझ्या लग्नालाही नव्हते.

बोग्ना उसळते. ती ट्राम चालवते.
तिला घोडा वाटेल तिकडे वळतो याचंच अप्रूप.
"रुळांवर एक दिवस काढून बघ,
मग सांग मला कथा कशी आहे ते."
तिच्या मते फुगवलेला असेल तर तो 'शेवटची चौकी':
शंभर जण उतरतात, नव्याण्णव मरतात,
उरलेला एक नाचतो,
आणि त्या नाचाचे पैसे वेगळे.

मीही माझं घोडं दामटतो.
तो सलगम पिकवायचा गेम,
ज्याच्यावरून सगळे जीव ओवाळून टाकतात.
माझे आईवडील जन्मभर सलगमच पिकवत आले,
त्यांना कुणी कधी पाच तारे दिले नाहीत.

मग विटोल्ड कोपऱ्याकडे वळतो.
तिथे हाल्श्का, जाकीट न काढता,
सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेली.
मागच्या महिन्यात हेडफोनची वायर जोडायला आली होती,
वायर जोडून झाली, ती येतच राहिली.
"तू खेळलीस 'राखेचं राज्य'?"

"खेळले नाही. त्यात नोकरी केली.
चौदा महिने.
भिंतींना धडकायची नोकरी.
प्रत्येक भिंतीला, चालत, पळत,
घोड्यावरून, पाठमोरी,
कुठे आरपार जाता येतंय का बघायला.
राजा कुणाचा कोण, मला माहीत नव्हतं.
आत्ता कळलं. आभारी आहे, विटोल्ड."

विटोल्ड कधी नव्हे तो लाजतो.

"बाबा खाणीत होते," ती म्हणते,
"काठीने छत ठोकायचे,
आवाजावरून सांगायचे, भरीव की पोकळ.
मी म्हटलं, चला, घरचाच धंदा."

"मग तूच सांग," बोग्ना म्हणते,
"भरीव की पोकळ?"

हाल्श्का एक बी दातांत धरून ठेवते.
"तिसऱ्या गावात गिरणी आहे.
गिरणीमागे, ओढ्याच्या अंगाला,
गुडघे टेकून पुढे सरकलं
की भिंत नसते.
आत काही नाही. खजिना नाही, राक्षस नाही,
जमीनसुद्धा नाही.
वर आकाश, खालीही आकाश,
आणि मागे वळून पाहिलं तर अख्खं गाव
उलट्या बाजूने, पुठ्ठ्याचं,
खिडक्यांत दिवे तेवढे लागलेले.
मी कळवलं होतं वर.
उत्तर आलं, तिकडे कुणी जात नाही, राहू दे.
मी जेवणाच्या सुट्टीत जायचे."

त्यानंतर वाद काही पेटला नाही.
बोग्नाने घड्याळ पाहिलं, विटोल्डने टोपी शोधली,
मी एका कंट्रोलरला चुकून दुसऱ्याचा स्क्रू लावला.

रात्री दोन वाजता विटोल्डचा निरोप:
"सापडली.
तरीही सांगतो, गेम फुगवलेलाच आहे."

अडीचला दुसरा:
"अजून इथेच आहे."

बोग्नाचं नाव यादीत हिरवं दिसतंय, ती बोलत नाही.

आणि मी, आजवर हा गेम न खेळताच
नावं ठेवत आलेला,
उधारीच्या घोड्यावरून उतरून
कुठल्याशा भलत्याच गावात, भलत्याच गिरणीला
गुडघे टेकून धडका देतोय.