दोनशे टक्क्यांवर

दाभोली नाक्यावर, झेरॉक्स मशीनच्या मागे
माझा संगणक. एप्रिलात पंखा आधी त्याला, मग मला.
वेंगुर्ल्याच्या नवऱ्या मुलींचे गाल
सात वर्षं मी इथेच गुळगुळीत केले,
हंगामात दिवसाला चाळीस.
तक्रार कोणाचीच नाही.

म्हणून त्यातले बारा निवडले, पोर्टफोलिओ म्हणून
मुंबईच्या एका बाईंना पाठवले.
त्या दागिन्यांच्या जाहिराती करतात.
उत्तर एका ओळीचं आलं:
हात स्वच्छ आहे तुमचा, पण कातडी कुठे गेली?

कातडी.
शटर अर्धं ओढून मी बाराही चेहरे उघडले,
दोनशे टक्क्यांवर.
वाटीतून उपडा केलेला खरवस,
एकाच खरवसाच्या बारा वड्या,
नथ तेवढी वेगळी.

सहावी अनिशा गिरप. काजूच्या कारखान्यात गर सोलते.
मार्चमध्ये बंदरावर उभी केली होती तिला,
होड्या लागल्यावर, ऊन पिवळं पडताना.
फोटो तयार करून दाखवला तेव्हा हसली होती,
"ह्यां चेडू कोणाचां गो?"
मला ते कौतुक वाटलं होतं.

मूळ फाइल शोधली. जुन्या हार्ड डिस्कवर होती,
कुठल्याशा बारशाच्या फोल्डरात.
जबड्याखाली चट्टा, करवंदाच्या बीएवढा,
लहानपणी बिया भाजताना उडालेल्या तेलाचा.
तो तर मी पहिल्याच क्लिकला उडवला होता.
नाकाच्या शेंड्यावर उन्हाने सुटलेली साल.
वरच्या ओठावर लव, लवेवर घाम,
आणि घामाच्या एका थेंबात
आख्खं बंदर, उलटं.
हे सगळं पुसून मी फाइलला नाव दिलं होतं,
फायनल.

पुन्हा बसले.
रंग एका थरात, पोत दुसऱ्या थरात.
ब्लरला हात लावायचा नाही.
अंगण सारवताना बोटांची वळणं दिसली नाहीत
तर आई पुन्हा सारवायला लावायची,
हे मला माउस हातात धरून आठवावं!
ब्रश बारीक, जोर तीन टक्के.
एका रंध्राची सावली उचलायची, शेजारच्याची ठेवायची.
डोळ्यांखालचा काळोख थोडा हलका केला,
सगळा नाही. ती पहाटे पाचला उठते.
कपाळावरची पुळी काढली. पुळी पाहुणी,
आठवड्यात गेलीच असती.
चट्टा घरचा. त्याला राहू दिलं.

एका गालाला चार तास.
चार तासांत इथे एक अख्खं लग्न उरकतं,
हळद, अक्षता, पंगत, अल्बमच्या कव्हरसकट.
हे धंद्याचं गणित नव्हे, ते मला कळतं.
बारांतले सात काढून टाकले, कारण
त्यांच्या मूळ फाइलीच मी ठेवल्या नव्हत्या.
त्या सात जणींची कातडी आता
फक्त त्यांच्या अंगावर आहे.

उरले पाच. पाच पाठवले.

अनिशाचा प्रिंट घेऊन कारखान्याच्या गेटवर गेले.
सुट्टीची वेळ, बायका हातांची राख धूत होत्या.
तिने फोटो उन्हात धरला. बराच वेळ धरला.
मग अंगठा ओला करून
चट्ट्यावरून एकदा फिरवला, कागदावर,
आणि लगेच स्वतःच्या जबड्याखाली.
"हो तसोच रवलो?"
मी म्हटलं, मुद्दामच ठेवला.
ती काही बोलली नाही. डोळे बारीक करून
स्वतःकडे बघत राहिली,
वळणावर अचानक ओळखीचं कोणी भेटावं तशी.

मग फोटो पदराखाली घेतला आणि हळूच विचारलं,
"पयलो आसा मां गो? बायोडेट्याक
तोच होयो."

संध्याकाळी तोही काढून दिला, चकचकीत कागदावर.
पैसे घेतले नाहीत.