शंभरातले किती

प्रोफेसर उर्रुतियाबाईंनी फॉर्म दिलाय.
चार नावं, चार चौकोन.
शंभर गुण गटप्रमुखाने वाटायचे,
बेरीज शंभरच यायला हवी,
अपूर्णांक चालणार नाहीत.

मी वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारात, कठड्याशी बसलेय.
खाली नदीकाठी समुद्रसिंह पसरलेत,
कोळणींनी फेकलेली डोकी, शेपट्या झेलताहेत.
मीटिंग नाही, फॉर्म नाही.
जो सगळ्यात मोठा तो सगळं खातो,
एवढा एकच नियम.

आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल होता आमचा.
ऐंशी सेंटिमीटर लांब,
पेलायचे साठ किलो.
गट चिठ्ठ्यांनी पडले. प्रमुख कोण, असं विचारलं
तेव्हा तिघांनी बुटांकडे पाहिलं,
आणि मला पाहायला उशीर झाला.

त्या दिवसापासून मी जेफा.
जेफा म्हणजे मुकादम.
बिनपगारी.

यास्ना म्हणाली, माझं गणित कच्चं, मी सजावट बघते.
पुलाला कसली आलीय सजावट, म्हटलं,
तर तिने निळा रंग दिला,
एकाच बाजूला. मग तिची बस आली.

एलियासरने उंटावरून शेळ्या हाकल्या,
ओसोर्नोतल्या चुलत्याच्या घरून,
साडेचार-साडेचार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमधून.

नाहुएल तर नावापुरता.
मी लिहिलं, मंगळवारी चार वाजता.
मी लिहिलं, मंगळवारी चार वाजता, प्लीज.
मी लिहिलं, कुणी जिवंत आहे का?
दोन निळ्या खुणा.
नंतर रात्री कुणीतरी एक अंगठा पाठवला.

शेवटच्या आठवड्यात तो उगवला.
कोर्रालच्या बोटीने, हातांना खेकड्यांचा वास,
बोटांवर चिरा.
दोन तास बसून त्याने मधला सांधा जोडला,
सहाव्या आणि सातव्या त्रिकोणातला.
काड्या वेड्यावाकड्या, गोंद शेंबडासारखा ओघळलेला.
म्हणाला, सुकू दे, दोन दिवस हात लावू नकोस.
मी हो म्हणाले.

चाचणीच्या दिवशी पहाटे तीनला
मी तो सांधा उखडला.
गोंद खरवडला, काड्या घासल्या,
पुन्हा बसवल्या, अगदी सुतात.
कुणाला सांगितलं नाही.
पूल टिकला असता तर सांगितलं असतं.

बादलीत वाळू पडत गेली.
वीस. तीस.
एकतिसाला एलियासरने व्हिडिओ सुरू केला,
चव्वेचाळिसाला यास्नाने माझा हात धरला.
सत्तेचाळीस.

आवाज लहानसाच होता,
कुणी दाताखाली फुटाणा फोडावा तेवढा.

मधला सांधा.
बाकी पूल धडधाकट, निळी बाजूसुद्धा.

नाहुएल वाकला, तुटलेलं टोक उचललं,
अंगठ्याने दाबून पाहिलं.
गोंद आतून अजून ओला होता.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
बाईंनी विचारलं, हा जोड कुणाचा?
माझा, तो म्हणाला.

कुणी सांगितलं होतं त्याला?
सात आठवडे तोंड उघडलं नाही,
आणि उघडलं ते नेमकं तिथे!

आता हा फॉर्म.
चौघांना पंचवीस-पंचवीस लिहिले की सुटले.
पण साडेतीनशे काड्या मी मोजल्यात,
गोंदाचं बिल माझ्या पाकिटात आहे,
एलियासरचा आवाज अजून कानात आहे.
हेही खरंच आहे की.

नाहुएलपुढे वीस लिहिते. खोडते.
तीस लिहिते.
मग यास्नाचे कुठून कापू?
माझा चौकोन सगळ्यात वर, अजून कोरा.
एक समुद्रसिंह मान वर करून बघतो,
माझ्याकडे मासा नाही हे कळल्यावर
पुन्हा आडवा होतो.

फोन थरथरतो.
सात आठवड्यांत पहिल्यांदाच
यास्ना गटावर आपण होऊन लिहिते:
जेफा, मला किती दिलेस?

दोन निळ्या खुणा.
मी फोन पालथा ठेवते.