सरकी

परभणी, मे महिना, रात्रीचे दोन.
कॉलेजच्या मागच्या खोलीत
सहा जुने कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांना बांधून
मी एक विश्व चालू केलंय.

कालचं कोसळलं.
परवाचं इतकं पसरलं की त्यात एकही तारा पेटला नाही.
त्याचा दोष नव्हता,
एक शून्य माझ्याच हातून जास्त पडलं होतं.

आजच्यात न दिसणारं द्रव्य घातलेलंच नाही.
त्याऐवजी गुरुत्वाचा नियम जरासा वाकवलाय :
फार दूर गेल्यावर ओढ
पुस्तकात लिहिलीय तितकी विरत नाही.
एवढंच.
सर म्हणाले, न दिसणारं मानायला इतकी कुरकुर का?
काय सांगू त्यांना.
सेलूच्या आमच्या गल्लीत
सगळंच न दिसणाऱ्यावर ढकलायचे,
बुडालेली भिशी, दहावीत लटकलेला भाऊ.

मुंजाजी कूलरमध्ये बादली ओततो
(कूलर यंत्रांसाठी, माणसांसाठी पंखा)
आणि पडद्यापुढे थबकतो.
मानवतच्या जिनिंगात त्यानं चौदा हंगाम काढलेत.
"मॅडम, ह्यो तर कापूस हाय."
खरंच की. तंतू, तंतूंच्या गाठी, मधे पोकळ्या,
पिंजून हवेत सोडल्यासारखं सगळं.
"ह्यातली सरकी कुठाय?"
"काढलीय."
"जिनात टाकायच्या आदीच?"
मग बिडी प्यायला बाहेर जातो.

तीन वाजून सात मिनिटांनी वीज गेली.
विश्वाचं वय तेव्हा नऊशे कोटी वर्षं.
इन्व्हर्टर टिटवीसारखा ओरडायला लागला.
वीस मिनिटं आहेत हातात,
म्हणजे अजून साधारण तीनशे कोटी.
मी पंखा बंद केला.

एकेकटी दीर्घिका छान फिरते.
कडेचे तारेही वेग सोडत नाहीत, आकडे जुळतात.
मी खुर्चीतून उठलेसुद्धा.
पण जिथं हजारभर दीर्घिकांनी
एका ठिकाणी नांदायचं,
तिथं गुच्छ सैल पडत जातो,
उसवत जातो, आणि माझ्या नियमाला
तो धरून ठेवता येत नाही.

मला तो धरायला हवा होता.
हे वहीत लिहायचा रकाना नाही.
लिहिलं : धाव एकेचाळीस. दीर्घिका पास. गुच्छ नापास.
घामानं शाई पसरली.

मुंजाजी परत आला, काळोखात विचारलं,
"तुटलं का?"
"थोडं."
"मंग थोडी सरकी ऱ्हाऊ द्या की."

बेचाळीसच्या फाइलीत
न दिसणाऱ्यापुढचं शून्य मी खोडलं.
पुढे काय लिहायचं
ते वीज आल्यावर बघू.