गुडघा

तीनदा आली, तीनदा म्हणाली, गुडघा दुखतो.
तीनदा पट्ट्या मिळाल्या, मेंथॉलच्या उग्र वासाच्या.
त्सुरुयो मोगामी, वय सत्त्याऐंशी, वजन चौतीस किलो,
आकिताच्या डोंगरातली, धुरावर मुळे वाळवून खारवणारी.

चौथ्यांदा आली ती अँब्युलन्समधून,
बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागोमाग.
पोट फुगलेलं, चार दिवस उलट्या,
तरी बोट मांडीच्या आतल्या बाजूलाच:
इथून निघतं, गुडघ्यात उतरतं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

रात्रपाळीच्या डॉक्टर हागिनोंनी
पाय हळूच लांब केला, आत वळवला.
ती ओरडली नाही.
माफ करा, म्हणाली.

कमरेच्या हाडाला एक खिडकी असते, पडदा ओढलेली,
एका नसेपुरती फट ठेवलेली.
ती बुजवायला चिमूटभर चरबी पुरते.
हिची चरबी कुठे गेली
ते स्कॅनमध्ये दिसत नाही.
दिसतं, दोन स्नायूंमध्ये अडकलेलं आतडं, सुपारीएवढं.
त्या कमीच जेवतात, सून काझुए दाराशी सांगते.
सगळ्यांचं झाल्यावर. उरलं तर.

मुलगा विचारतो, या वयात पोट फाडणार?
फाडणार नाही. तीन भोकं.
सगळ्यात मोठं माझ्या करंगळीएवढं.
सही करताना त्याच्या बाहीवरचं बर्फ
कागदावर वितळतं.

डोकं खाली, पाय वर, बेंबीतून दुर्बीण.
वायू भरला.
हे पोट असं तट्ट भरलेलं
बहुधा पहिल्यांदाच.

पडद्यावर आतडं, काळ्या द्राक्षाच्या रंगाचं.
हागिनो ओढत नाहीत.
परिचारिका बाहेरून मांडी दाबते,
आतून कोमट पाणी, आणि चिमटा,
रुसलेल्याचा हात धरावा तसा.
सुटलं.
आता थांबायचं.
भूलतज्ज्ञ सोडून कोणी घड्याळ पाहत नाही.
जांभळं. अजून जांभळंच.
मग आमसुली.
मग कडेकडेनं गुलाबी,
आणि एक लाट, आळसावलेली,
या टोकाकडून त्या टोकाकडे.

दुसऱ्या बाजूलाही तशीच फट निघाली,
दबा धरून बसलेली.
दोन्हींवर जाळी बसवली. बाहेर उजाडलं होतं,
कोणीतरी फावड्यानं पार्किंग मोकळं करत होतं.

तिसऱ्या दिवशी भाताची पेज.
अर्धी वाटी संपवून तिनं झाकण ठेवलं,
काझुएकडे सरकवली.
गुडघा? हागिनोंनी विचारलं.
तिनं पाय लांब केला, बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा.
नाही दुखत.
मग घरी त्या पट्ट्या उरल्यात,
पाकीट न फोडलेल्या, त्या हिला चालतील का?
हिची कंबर धरते. बोलत नाही ती.