उणीदुणी

ऑक्टोबरात, योक्मोक्कच्या अलीकडच्या उतारावर,
मागे पाइनचे ओले ओंडके, पुढे धुकं,
उजव्या पोटरीत गोळा आला
आणि ब्रेकवरचा पाय माझा राहिला नाही.
डाव्या पायानं थांबवला ट्रक.
मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून
बराच वेळ इंजिनाशी बोलत बसले.

घरी सांगितलं नाही.
आरोग्य केंद्रातही गेले ती
डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी मागायला.
आउने तिथली जुनी नर्स, तोर्नेदालेनची,
ताकाला आलेल्यांची भांडी तिला लांबून दिसतात.
"लंगडतेस कधीपासून?"

अकरा महिने झाले होते पाव सोडून.
पाव, बटाटे, लापशी, दालचिनीचे वळेसुद्धा.
लायसन्सचा डॉक्टर म्हणाला होता, साखर उतरव
नाहीतर चाव्या ठेव.
उतरवली. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली,
डेपोतल्या पोरांनी पाठ थोपटली.
एकटा टॉर्नी काही बोलला नाही.
तो गुरुवारी पातळ पाव भाजतो, चाळीस वर्षं,
आता स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा सोडून,
जणू आत कुणी आजारी निजलंय.

"खातेस काय?"
अंडी, बेकन, रेनडिअर, लोणी.
"आणि?"
लोणी.
"हिरवं काही?"
म्हटलं, ट्रक हिरवा आहे.
ती हसली नाही.
"मीठ?"
ते तर केव्हाच तोडलं,
बाबा रक्तदाबानं गेले ना.
आउनेनं पेन खाली ठेवलं.
म्हणाली, पिठूळ खाणं सुटलं की
अंगातलं पाणी उतरतं,
जाताना मीठ घेऊन जातं सोबत,
आणि तू वरून दाराला कडी लावलीस.
दाब माझा तिनं दोनदा मोजला,
मग बाही आणखी वर सरकवली.

पाच नळ्या रक्त.
जांभळं बूच, पिवळं बूच, एक हिरवं.
हे बघ, म्हणाली, हिरवं.

माझी थोरली नणंद आयुष्यभर
माझी उणीदुणी काढत आली,
पण तिच्याही यादीत हे नव्हतं:
फोलेट, उणं.
मॅग्नेशियम, काठावर.
सोडियम, जेमतेम.
ड जीवनसत्त्व, ते तर इथे
नोव्हेंबरात सूर्याकडेही नसतं.
लोह मात्र उत्तम, बी-बारा भरून वाहतंय,
रेनडिअरची कृपा.

पत्र टॉर्नीनं उघडलं.
चष्मा लावून दोनदा वाचलं, उभ्यानंच.
"उतारावर?" एवढंच विचारलं.
मी मान हलवली.
त्यानं कागद फ्रिजला लावला, मुलीच्या जुन्या चित्रावर,
आणि गाडी काढून गेला.

पालक आणला, गोठवलेला, विटांसारखा.
कोबी. बदाम. मासे.
भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची एक बरणी
ट्रकमध्ये, मीठ लावलेल्या,
चिकटपट्टीवर त्याचं गिचमिड अक्षर:
उताराआधी.
मे महिन्यात बर्फ हटल्यावर
ओढ्याकाठची ती हात लावताच चावणारी पानं
वेल्डिंगचे हातमोजे घालून खुडली त्यानं,
त्यांचं सूप केलं, वर अर्धं अंडं.
गवतासारखं लागलं. मी दोन वाट्या प्यायले.

जूनमध्ये पुन्हा पाच नळ्या.
फोलेट वर आलं. मॅग्नेशियम काठावरून आत.
ड अजून खालीच,
आउने म्हणाली, थेंब चालू ठेव, उन्हात बस,
आणि सप्टेंबरात ये, सगळं बरं वाटत असलं तरी ये.
विशेषतः बरं वाटत असलं तर.

परवा रात्री पुन्हा आला गोळा.
रात्र कसली, खिडकीत लख्ख ऊन.
मी ओरडलेही नव्हते, तर टॉर्नी उठून बसला,
टाच तळहातात घेतली,
पावलाची बोटं माझ्याकडे ढकलून धरली
गाठ सुटेपर्यंत.
त्याच्या हाताला राईच्या पिठाचा वास होता.
धुतले होते त्यानं, तरी होता.

म्हटलं, गुरुवारी पंखा लावू नकोस.
"आणि दार?"
दारही.