श्वास धरून ठेवा

दुपारी पालिकेची व्हॅन, गोवंडीत, कचऱ्याच्या डोंगराकडे पाठ करून.
इथे आलेल्यांच्या छात्या.
गळ्यातला ताईत काढा, हनुवटी वर, खांदे पुढे,
साँस लो. रोको.
छोडो.

मुस्तकीम, जरीकाम, मूळ सीतामढी.
एका खोलीत नऊजण, झोपायच्या दोन पाळ्या.
खिडकी आहे म्हणतो,
पण तिच्या तोंडाशी शेजारच्या घराची भिंत.
थुंकीची डबी हातात फिरवत विचारतो,
गावाहून निघालो तेव्हा ठीक होतो, बाई.
हे मी आणलं, की मला इथे मिळालं?
फॉर्मवर तसा रकाना नाही.
खोकला किती दिवस, एवढंच आहे.
मी लिहिते, चाळीस.

मी देवरुखहून आले तेव्हा
परळला मावशीनं दारातच थांबवलं,
पिशवी उचलून बघितली,
तांदूळ आणलेस ना, म्हणाली.
झाली तपासणी.

सकाळची नोकरी वेगळी. मरोळ, एसी, काचेचं दार.
तिथे निघालेल्यांच्या छात्या.
आधी पासपोर्ट नंबर, मग नाव.
वाक्यं तीच, फक्त आवाज जरा मऊ,
कारण त्यांनी पैसे भरलेले असतात.

आज एल्झा तुस्कानो, वसईची.
लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय,
बहिणीनं जाड कोट घेऊन ठेवलाय.
मागची सहा वर्षं? मी विचारलं.
शिवडी, म्हणाली. टीबीचा वॉर्ड.
आणि हसली, जसं कुणी आपल्या माहेराचं नाव सांगतं.

श्वास घ्या. धरून ठेवा.

उजव्या फुप्फुसाच्या टोकाशी
अंगठा टेकवावा एवढं धुकं.
जुना व्रण असेल. नसेलही.
आता तीन सकाळी थुंकी, मग आठ आठवडे थांबणं,
तो कोट, ती तारीख.
ठरवणं माझं काम नाही, डॉक्टर बघतील.
मी स्क्रीन मोठा करत राहिले,
लहान करत राहिले.

काचेपलीकडे ती तशीच,
हनुवटी वर, खांदे पुढे,
गाऊनच्या नाड्या मागे लोंबताहेत.
वॉर्डात शेकडोंना तिनं हेच शिकवलंय,
सांगितल्याशिवाय हलायचं नाही.

सोडा म्हणायचं
माझं राहून गेलं होतं.