पासंग

तुर्कू. नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवे.
राइलीच्या तळघरात दोनशे नॉब, निम्मे बिनटोपीचे,
आणि जमिनीवर केबलींचा असा गुंता
की मांजरसुद्धा पाय मोजून टाकतं.

'दाब, तौको.' मी कळ दाबतो.
शून्यातून व्होल्टेज सावकाश चढतं, आठाला टेकतं,
दोनावर येऊन धरून राहतं,
बोट उचललं की उतरत उतरत पुन्हा शून्य.
आवाजही तसाच: आला, फुलला, गेला.
आमच्या भाषेत याला म्हणतात पडद्याची रेघ.
'पण पडदा दर वेळी पूर्ण कशाला ओढायचा?'
म्हणत ती दुसरा नॉब केसभर उजवीकडे नेते.

दीड व्होल्ट. बस्स.
चढण तीच, उतरण तीच, वेळही तोच,
फक्त अख्खा डोंगर उचलून दीड पायरी वर ठेवलेला.
आता सूर विझत नाही.
फिल्टरच्या फटीतून घुमत राहतो
दाराखालच्या उजेडासारखा.

रॅकवर शिशाचा एक तुकडा आहे, बोटाच्या पेराएवढा.
तिची आई नदीकाठी हेरिंग विकायची.
तराजूचं एक पारडं जन्मापासून हलकं,
म्हणून त्याच्या पोटाशी हा बांधलेला.
गिऱ्हाइकांनी तो कधी पाहिला नाही,
मासा मात्र रोज त्याच्यासकट तोलला गेला.

'आता डावीकडे.' शून्याच्याही खाली. उणे तीन.
मी कळ दाबतो. काही नाही.
काही नाही.
मग एकदम शेंडा तेवढा, ओहोटीत खडक दिसावा तसा,
आणि लगेच गडप.
'बिघडलं?'
ती मीटरची टोकं तारेला टेकवते. 'पुन्हा दाब.'
उणे तीन, उणे दोन, उणे एक...
उंबरठ्याखाली सगळं चालू आहे.

'शेवटच्या वर्षी आई अशीच होती,' राइली म्हणते,
केबल झटकत, जणू उद्याचं हवामान सांगते आहे.
'दिवसभर गप्प. जेवताना एकदाच: मीठ.
डॉक्टर म्हणाले, आत काही उरलं नाही.
त्यांच्याकडे मीटर नव्हता.'

मी बोलत नाही. कळ दाबून धरतो.
आकडा हलत नाही. उणे एक.

कॉफी गार झाल्यावर विचारतो,
'मग ऑफसेट ठेवायचा किती?'
'ते तुझ्या पारड्याला विचार.'

निघताना ती नॉब पुन्हा उजवीकडे आणते,
दिवा मालवते, यंत्र नाही.
जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत तो सूर ऐकू येतो.
आठवीवर येत नाही.
मी पाय मागे घेतो.